कात्रीचाही सूर लागतो

समोर बसून ऐकतो तेच गाणे खरे, अशी माझी बरीच वर्षे पक्की धारणा होती. ध्वनिमुद्रिका ही त्या गाण्याची नोंद. नोंद जितकी प्रामाणिक, तितकी मुद्रिका चांगली. फीत कापून, जोडून तयार केलेले संगीत मला पटत नसे. ख्याल गाणारा कलावंत मुखड्यावर दहादा येतो, पण दोनदा सारखा येत नाही. समेपर्यंत कसा पोचणार हे कधीकधी त्यालाही ठाऊक नसते. ही जोखीम काढून घेतली की उरते ती निव्वळ कारागिरी, असे मी मानत असे. आज मानत नाही. माझे मत फिरवले ते माइल्स डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’ या अल्बमने.

हे ध्वनिमुद्रण १८ फेब्रुवारी १९६९ रोजी न्यूयॉर्कला झाले. ट्रम्पेटवर डेव्हिस, सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर, बासवर डेव्ह हॉलंड, ड्रम्सवर टोनी विल्यम्स. हर्बी हँकॉक, चिक कोरिया आणि जो झाविनुल हे तिघे विजेच्या पियानो-ऑर्गनवर. गिटारवर नुकताच इंग्लंडहून आलेला जॉन मॅक्लॉफलिन. पुढे झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘शक्ती’ हा गट उभा करणारा तोच. शीर्षकाची धून झाविनुलची. तिच्यातले बदलते कॉर्ड डेव्हिसने काढून टाकले आणि ती एकाच स्थिर स्वरावर ठेवली. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला इथे ओळख पटायला वेळ लागत नाही.

मग निर्माता टिओ मासेरोची कात्री चालली. दुसरी बाजू लावून पाहा. सुरुवातीला ताल नाही. गिटार दबक्या आवाजात धून मांडते, मग ती सॅक्सोफोन उचलतो, मग ट्रम्पेट. चारेक मिनिटांनी ‘इट्स अबाउट दॅट टाइम’ सुरू होते. विल्यम्स बराच वेळ हात आवरून धरतो आणि डेव्हिस वाजवत असताना एकदम मोकळा सुटतो. ते वादळ ओसरले की आधीची तीच चार मिनिटे परत येतात. ती पुन्हा वाजवलेली नाहीत. तीच फीत, तेच श्वास, गिटारच्या तारेवरचा तोच स्पर्श.

माझा आक्षेप नेमका याच जागेला होता. पण अल्बम ऐकत गेलो तसे लक्षात आले की पहिल्यांदा ती धून निव्वळ शांत वाटते, आणि ड्रम्सच्या त्या भरानंतर तिच्यात खोल दुःख ऐकू येते. एकही स्वर बदललेला नाही, तरी अर्थ बदलला आहे. ती धून पुन्हा वाजवली असती तर वादकाने भावना बदलली असे म्हटले असते. इथे ती बदलते केवळ जागेमुळे. हा परिणाम कुठल्याही मैफलीत साधणार नाही, आणि तो साधणाऱ्याला मी कलावंतच म्हणेन.

मग आपल्याकडच्या मुद्रिकांचाही विचार केला. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ आपण जिवापाड जपतो. ती तबकडीच्या एका बाजूवर मावावी म्हणून तीनेक मिनिटांत बसवलेली आहे. यंत्राने तिथेही गाण्याला आकार दिला आहे, आणि त्या आकारावर आपण प्रेमच केले.

उरले जोखमीचे कोडे. ते संगीतकार ब्रायन ईनोने सोडवले. १९७८च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या अल्बममधल्या दुसऱ्या रचनेत बायकांच्या आवाजातले मोजके दीर्घ स्वर आहेत. प्रत्येक स्वर वेगळ्या लांबीच्या फितीच्या वेटोळ्यावर फिरतो. एक साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा जवळजवळ सव्वीस, तिसरा जवळजवळ तीस सेकंदांनी. कोणता स्वर कोणाला कधी भेटेल, हे ईनोनेही ठरवलेले नव्हते. माणसाने फीत कापली आणि अनिश्चितता फितीवर सोपवली.

रॉककडून येणाऱ्यांनी टॉक टॉक या बँडचा १९८८चा ‘स्पिरिट ऑफ ईडन’ घ्यावा. लंडनच्या स्टुडिओत जवळजवळ काळोखात वादकांना मनाला येईल तसे वाजवू दिले आणि त्यातले बहुतेक सारे टाकून दिले. उरलेल्या स्वरांभोवतीची शांतता इतकी भरीव आहे की काय वगळले याचाही अंदाज येऊ लागतो.

मैफलीवरचे माझे प्रेम तसूभरही कमी झालेले नाही. मात्र मुद्रिकेला मी आता मैफलीची मापे लावत नाही. ती स्वतंत्र कला आहे आणि तिचे स्वतःचे उस्ताद आहेत. तुम्हीही ‘इन अ सायलेंट वे’ची दुसरी बाजू मध्ये न थांबता ऐका, आणि वादकांच्या नावांबरोबर टिओ मासेरोचे नावही लक्षात ठेवा.