आत्याच्या भिंतीवरची लढाई

भंडारदऱ्याजवळ शेंडीला माझी आत्या राहते. तिच्या ओसरीवर अफजलखानवधाचं जुनं चित्र टांगलेलं आहे. तिथल्या पावसात ओल लागून त्याचा एक कोपरा फुगलाय. लहानपणी मी आणि आतेभाऊ त्या चित्रासमोर लढाई खेळायचो. चौथीच्या इतिहासात शिवराय भेटले, तेव्हा ते आम्हाला आधीच ओळखीचे होते.

अशी चित्रं घरोघरी कशी पोचली, हे मी खूप नंतर वाचलं. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसोबत पुण्यात चित्रशाळा सुरू केली. शिळाछापाचं काम, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. देवांबरोबर मराठेशाहीतले वीरही छापले जाऊ लागले आणि साध्या घरांच्या भिंतींवर आले. त्याच वर्षी इंग्रज सरकारनं शस्त्र कायदा करून विनापरवाना हत्यार बाळगायला बंदी घातली. हत्यार घरात ठेवता येत नव्हतं, वीराचं चित्र ठेवता येत होतं. त्या चित्रांनी पारतंत्र्यातल्या माणसाला धीर दिला, हे मला आजही मान्य आहे.

पण १० नोव्हेंबर १६५९ ला त्या भेटीनंतर जावळीच्या रानात दोन्ही फौजाही भिडल्या होत्या. आत्याच्या चित्रात शामियाना आहे, वाघनखं आहेत. रानात मेलेली माणसं नाहीत.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला. सैन्यातला आतेभाऊ तेव्हा सीमेवर होता. रात्री मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्फोटांचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, ‘दाखवून दिलं!’ सकाळी कळलं, तो व्हिडिओ गेममधला होता. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मला शंका यायला हवी होती. खरं तर मला शंका घ्यायचीच नव्हती. लढाई मला भिंतीवरच्या चित्रासारखीच हवी होती : आपण जिंकलेली, लांबून बघायची.

मी तो डिलीट केला, पण आत्यानं आधीच पाहिला होता.

जूनमध्ये शेंडीला गेलो. भाऊ सुखरूप होता. मी आत्याची माफी मागितली. चहाचा कप पुढे सरकवत ती म्हणाली, “रात्रभर लावून लावून बघत होते रे. त्या धुरात माझा पोरगा दिसतोय का ते.”

चित्र अजून ओसरीवर आहे, आणि मला ते अजून आवडतं. फक्त आता त्याच्यासमोर उभा राहिलो की वाटतं, जावळीच्या रानात गेलेल्यांच्याही आया अशाच वाट बघत बसल्या असतील.