हॉथॉर्नच्या घरातले कंठ

लॉस एंजेलिसच्या विमानतळाच्या आग्नेयेस, पॅसिफिक महासागराच्या वाळूपासून सात-आठ किलोमीटर आत, हॉथॉर्न नावाचे एक सपाट, विमानांच्या कारखान्यांवर पोसले गेलेले गाव आहे. आणि समुद्र, ऊन व त्या उन्हात लाटांवर आरूढ होणारी मुले यांची गाणी ज्या ‘बीच बॉइज’ मंडळीने १९६२ पासून दोन-तीन वर्षांत अवघ्या अमेरिकेच्या तोंडी बसवली, तीमधील ब्रायन, डेनिस आणि कार्ल विल्सन हे तिघे सख्खे भाऊ याच गावातल्या एका बेताच्या घरात लहानाचे मोठे झाले. त्यांच्यात सर्फबोर्ड घेऊन खरोखर पाण्यात शिरणारा म्हणावा तर एकटा मधला डेनिस. थोरला ब्रायन, ज्याच्या मस्तकातून ती बहुतेक गाणी उतरली, तो पियानोपाशी रमणारा. या विसंगतीकडे पुष्कळांनी एक गंमत म्हणून बोट दाखवले आहे. मला मात्र त्या मंडळीच्या पहिल्या सहा ध्वनिमुद्रिकांचे मर्म नेमके तेथेच सापडले, आणि ते कसे सापडले हे सांगावे अशी इच्छा पुष्कळ काळ मनात होती.

१९७४ च्या शरद ऋतूत मी शिक्षणासाठी लॉस एंजेलिसला आलो, तेव्हा ‘एंडलेस समर’ हा या मंडळीच्या जुन्या गाण्यांचा संग्रह नुकताच निघून विक्रीच्या यादीत अग्रस्थानी पोहोचला होता, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीची ती गाणी दुकानांतून व मोटारींतून पुन्हा नव्याने ऐकू येत होती. टॉरन्स येथील ज्या घरात मी खोली घेतली होती, त्या घराचे मालक विमानांच्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त परगावी गेलेला, पण त्याच्या ध्वनिमुद्रिका गॅरेजमधल्या मांडणीवर प्रकाशनाच्या क्रमाने लावून ठेवलेल्या होत्या. तबकडी कडेनेच धरायची आणि सुई बदलण्याची वेळ आली तर आपण हात न लावता सांगायचे, एवढ्या दोन शर्तींवर त्यांनी मला त्या ऐकण्याची परवानगी दिली. संग्रहात निवडक गाणी असतात. येथे मात्र एका कुमारमंडळीचे सारे दप्तरच, बऱ्यावाईटासकट, माझ्यापुढे अनुक्रमाने उघडले गेले.

माझा कान तेव्हा सर्वस्वी वेगळ्या शिस्तीत घडलेला होता. पुण्यात लहानपणी ज्या गुरुजींकडे मी गाणे शिकलो, ते तंबोऱ्याच्या दोन खुंट्या पिळण्यात अर्धी शिकवणी घालवीत आणि उरलेल्या अर्ध्या वेळात एकच बाब पुनःपुन्हा बजावीत की आवाज खुला असला पाहिजे. तार सप्तकात शिरताना आवाज चोरून, नाजूक करून वर नेणे हा त्यांच्या लेखी गायकाचा सर्वांत मोठा अपराध होता. एका स्वरामागून दुसरा स्वर येतो आणि त्यांच्या जाण्यायेण्यात राग उभा राहतो, हे मला ठाऊक होते. परंतु एकाच क्षणी चार-पाच निरनिराळे स्वर चार-पाच कंठांतून उमटावेत, आणि त्यांच्या मिलाफातून त्यांपैकी कोणाचाच नसलेला असा एक रंग हवेत तरळावा, हा अनुभव मी ऐकीव ज्ञानापलीकडे घेतलेला नव्हता.

पहिली ध्वनिमुद्रिका ‘सर्फिन सफारी’, ऑक्टोबर १९६२ ची. अर्ध्या तासाहूनही कमी अवधीत बारा गाणी, आणि त्यांतली कित्येक अगदीच पोरसवदा. ब्रायन वीस वर्षांचा, कार्ल पंधरा, समोरच्या घरातून येऊन गिटार वाजवणारा डेव्हिड मार्क्स चौदा. चुलत-आत्तेभावांच्या गोतावळ्यातला माइक लव्ह तेवढा थोडा वयस्क. लाटांवरील क्रीडेचा त्या किनाऱ्याशी संबंध जुना होता: हवाईहून आलेल्या जॉर्ज फ्रीथ याने १९०७ मध्ये रेडोंडो बीच येथे लोकांपुढे तिची प्रात्यक्षिके केली होती, आणि १९५९ च्या ‘गिजेट’ या चित्रपटानंतर ती तरुणांची चैन झाली. तिचे संगीतही आधीच जन्मलेले होते. डिक डेल हा डावखुरा गिटारवादक बाल्बोआच्या रांदेव्हू बॉलरूममध्ये शब्दांवाचूनच त्या लाटा उभ्या करीत असे, आणि ध्वनीला स्प्रिंगांतून फिरवून ओलसर प्रतिध्वनी देणारे फेंडर कंपनीचे यंत्र हे त्या संगीताचे व्यवच्छेदक लक्षण होऊन बसले होते. हॉथॉर्नच्या मुलांनी या निःशब्द संगीताला शब्द आणि कंठ दिले, ही त्यांची पहिली कामगिरी. खुद्द त्यांचे नावही त्यांना आयतेच मिळाले. १९६१ च्या अखेरीस ‘सर्फिन’ ही पहिली छोटी तबकडी हाती आली, तेव्हा ‘पेंडलटोन्स’ या आपण घेतलेल्या नावाच्या जागी ‘बीच बॉइज’ हे नाव छापलेले त्यांना आढळले.

मार्च १९६३ मध्ये आलेल्या ‘सर्फिन यू.एस.ए.’ या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत बारांपैकी पाच रचना केवळ वाद्यांच्या आहेत, आणि त्यांतील दोन, ‘मिसरलू’ व ‘लेट्स गो ट्रिपिन’, डिक डेलच्याच वादनातून प्रसिद्धीस आलेल्या. शीर्षकगीताची चाल चक बेरीच्या ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’वरून घेतलेली, आणि पुढे त्याचे श्रेयही बेरीलाच द्यावे लागले. एवढे ऋण असूनही ते गाणे ऐकताना माझे लक्ष चालीकडे गेलेच नाही. वर तरंगणाऱ्या त्या एका कृश, उंच, विलक्षण निर्मळ आवाजाकडे गेले. तो ब्रायनचा. परंतु याच ध्वनिमुद्रिकेत ‘लोनली सी’ नावाचे एक संथ गाणे आहे, आणि त्यात समुद्राचे सारे उल्हसित रूप बाजूला सरून एका एकाकी मुलाचे मन उघडे पडते. क्रीडेची गाणी म्हणून जी विकली जात होती, त्यांच्या पोटात हे असे काही वाढत आहे, याची पहिली चाहूल मला तेथे लागली.

सप्टेंबर १९६३ ची ‘सर्फर गर्ल’ ही तिसरी ध्वनिमुद्रिका, आणि माझ्या मते या सहांतील सर्वांत महत्त्वाची. येथे प्रथमच निर्माता म्हणून ब्रायन विल्सनचे नाव छापले गेले. एकवीस वर्षांच्या मुलाने, कॅपिटॉलसारख्या मातब्बर कंपनीच्या पदरी असताना, कंपनीच्या प्रशस्त गोल मनोऱ्यातील स्टुडिओ सोडून सनसेट बुलेवार्डवरील वेस्टर्न स्टुडिओ पसंत करावा आणि चक ब्रिट्झ या ध्वनिमुद्रकाच्या साहाय्याने सारा कारभार आपल्या हाती घ्यावा, ही त्या काळी साधी घटना नव्हती. ‘कॅच अ वेव्ह’मध्ये माइकच्या बहिणीने, मॉरीनने, हार्प वाजवली आहे, ‘सर्फर मून’मध्ये व्हायोलिनांचा ताफा येतो. आणि मग येते ‘इन माय रूम’, गॅरी अशर याच्या सहकार्याने रचलेले, आपल्या खोलीच्या आश्रयाविषयीचे गीत. एकट्या ब्रायनच्या आवाजाने ते सुरू होते आणि लगोलग भावांचे कंठ त्यास येऊन मिळतात. हे तिघे लहानपणी एकाच खोलीत निजत आणि रात्री अंथरुणात पडल्यापडल्या ब्रायन धाकट्यांना निरनिराळे स्वर वाटून देऊन गायला लावी, ही हकीकत मी पुढे वाचली. ‘फोर फ्रेशमेन’ या चौकडीच्या ध्वनिमुद्रिका पियानोपाशी बसून, एकेक कंठ वेगळा काढून, त्याने वर्षानुवर्षे अभ्यासल्या होत्या. त्या अभ्यासाचे फळ आपल्याच घरातल्या आवाजांतून त्याने येथे उभे केले.

ते गीत मी गॅरेजमधल्या थंड फरशीवर बसून ऐकले, पुन्हा लावले, आणि मग तंबोऱ्याचा षड्ज ज्या धारणेने ऐकावा त्या धारणेने त्यातील एकेका कंठाचा माग काढण्याचा प्रयत्न केला. तळाशी माइकचा भरीव आवाज. मध्ये कार्लचा, मधासारखा. आणि सर्वांच्या वर ब्रायनचा तो फॉल्सेटो, ज्यास माझ्या गुरुजींनी निःशंकपणे चोरटा आवाज म्हटले असते. त्या नाजूकपणात सामर्थ्याचा अभाव नाही, तर ज्या गोष्टी खुल्या आवाजात सांगता येत नाहीत त्या सांगण्याचे धैर्य आहे, असे मला तेव्हा वाटले, आणि आजही वाटते. गुरुजींची शिस्त मी सोडली नाही. परंतु तिच्या हद्दीबाहेरही एक सत्य नांदते हे मला त्या कंठाने शिकवले. रक्ताच्या नात्यातील आवाजांत स्वरांचे उच्चार, श्वास घेण्याच्या जागा, शब्द सोडण्याची लकब हे सारे जात्याच जुळलेले असते. नुसत्या तालमीने ते साधत नाही. म्हणून मी म्हणतो की या गाण्यांत समुद्र हे निमित्त आहे, घर हा विषय आहे.

त्या घराची दुसरी बाजूही सर्वश्रुत आहे. वडील मरी विल्सन हे यंत्रसामग्रीचा व्यवसाय करणारे, स्वतः गीतरचनेची हौस बाळगणारे, मुलांसाठी अपार खटपट करणारे आणि मुलांवर अपार कठोर असलेले गृहस्थ. मंडळीचे मुखत्यार तेच होते, आणि १९६४ च्या वसंतात अखेर मुलांनी त्यांना त्या जागेवरून बडतर्फ केले. त्यात कंपनीचा तगादा असा की ‘सर्फर गर्ल’नंतर अवघ्या तीन आठवड्यांत, ऑक्टोबर १९६३ मध्येच, मोटारींच्या गाण्यांची ‘लिटल ड्यूस कूप’ बाजारात आली. तीत चार गाणी आधीच्या तबकड्यांतून उचललेली होती. ही ध्वनिमुद्रिका घाईची म्हणून सहसा नापसंत केली जाते. तीमधील ‘अ यंग मॅन इज गॉन’ हे गीत मात्र कोणी वगळू नये: जेम्स डीन या अकाली मरण पावलेल्या नटाविषयीचे, एकाही वाद्याच्या साथीवाचून गायिलेले. फोर फ्रेशमेनच्या गाण्यातील चाल नव्या शब्दांनिशी येथे येते, आणि शिष्याने गुरूची चीज भर सभेत निर्भयपणे मांडावी तसा तो क्षण आहे.

मार्च १९६४ च्या ‘शट डाऊन, व्हॉल्यूम २’मध्ये दोन गीते अशी आहेत की ती नसती तर मी हा लेख लिहिला नसता. ‘द वॉर्म्थ ऑफ द सन’ हे नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली त्याच दिवसांत ब्रायन व माइक यांनी रचले. विरहाचे साधे गीत, परंतु एका स्वरसमूहातून दुसऱ्यात ते असे अकल्पित वळण घेत जाते की पायाखालची जमीन हलल्याचा भास व्हावा. ‘डोन्ट वरी बेबी’ हे रॉनेट्सच्या ‘बी माय बेबी’ने झपाटलेल्या ब्रायनचे उत्तर; कथा मोटारींच्या शर्यतीची, आणि ऐकू येते ते मात्र भ्यालेल्या मुलाचे आश्वासनासाठी आसुसणे.

या दोन गीतांच्या शेजारीच मंडळीच्या सभासदांनी लटके भांडण करून ध्वनिमुद्रित केलेला एक प्रकार आहे, आणि जुलै १९६४ च्या ‘ऑल समर लाँग’मध्ये स्टुडिओतील हसणे-खिदळणे व चुका यांचीच एक संपूर्ण बाब घातलेली आहे. कंपनीची मुदत गाठण्यासाठी केलेली ही भर होय, यात शंका नाही. पण संग्रहांतून गाळल्या जाणाऱ्या या भागांत ती मुले मुले म्हणून ऐकू येतात. ‘वेंडी’ या गीतात मध्येच कोणीतरी खोकल्याचे स्पष्ट ऐकू येते, आणि तो खोकला तसाच राहू दिलेला आहे. याच ध्वनिमुद्रिकेतील ‘आय गेट अराउंड’ हे त्यांचे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले पहिले गीत, तेही ज्या वर्षी बीटल्सनी ती सारी यादी व्यापली होती त्या वर्षी. ‘गर्ल्स ऑन द बीच’ हे नावावरून सामान्य भासणारे गीत स्वरबंधाच्या दृष्टीने इतके नाजूक आहे की त्यातील कंठांची मांडणी पुरती उलगडल्याचे समाधान मला अजून लाभलेले नाही.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी त्याच परिसरात स्थायिक झालो. विल्सनांचे घर पाहण्याचा योग मात्र आला नाही; १९८० नंतरच्या दशकात महामार्गाच्या बांधणीसाठी ते पाडले गेले, आणि २००५ मध्ये त्या जागी राज्य शासनाची अधिकृत नोंद असलेले विटांचे स्मारक उभारले गेले, ज्यावर ‘सर्फर गर्ल’च्या मुखपृष्ठावरील चित्र उठावात कोरलेले आहे. पाहुणे आले की मी त्यांना तेथे नेतो आणि मग रेडोंडोच्या धक्क्यावर, जेथे फ्रीथचा अर्धपुतळा आहे. त्या दोन स्थळांमधले अंतर मोटारीने तोडताना ही गाणी मनात बसतात, असा माझा अनुभव आहे.

११ जून २०२५ रोजी ब्रायन विल्सन वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी निवर्तला, तेव्हा येथील मराठी मंडळातल्या काही तरुण मित्रांनी त्याचे काय ऐकावे असे मला विचारले. सर्वांनी ‘पेट साउंड्स’चे नाव ऐकलेले होतेच, आणि १९६६ ची ती कृती थोर आहे, याबद्दल दुमत नाही. मी त्यांना ‘सर्फर गर्ल’पासून आरंभ करून जुलै १९६४ पर्यंत क्रमाने यावे असे सांगितले, एकही गीत न वगळता, आणि मिळाल्यास एकाच ध्वनिमार्गाच्या मूळ मुद्रणात, कारण ब्रायनचा उजवा कान जवळजवळ निकामी होता आणि ज्या एकत्र मिलाफासाठी त्याने ते कंठ रचले, तो त्याला स्वतःला तसाच ऐकू येत असे.