मिठ्याचा चहा

पीएल लागली की होस्टेल रिकामं होतं. 'घरी शांतपणे अभ्यास होईल' असं म्हणत सगळे बॅगा भरतात. मागच्या हिवाळ्यात मीही बडनेऱ्याहून गाडी पकडली आणि अकोल्याला गेलो. अभ्यास किती झाला ते एम-थ्रीच्या निकालाने सांगितलंच! पण त्या पंधरा दिवसांत एक दोस्त मात्र मिळाला. मिठ्या.

मिठ्या म्हणजे आपला हिरवा पोपट नव्हे. तो पाळायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे (आमच्या आजोबांनी पाळला होता, ती गोष्ट वेगळी). मिठ्या होता बजरीगार, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्या बाजारात त्याला सरसकट लव्हबर्ड म्हणतात. धाकट्या बहिणीने साठवलेल्या पैशांतून आणलेला. ती त्याला राळं, पालक, कोथिंबीर वेळेवर द्यायची. रात्री मात्र तो माझ्या ताब्यात. दोन वाजता मी कडक चहा करायचो, पिंजऱ्याचं दार उघडायचो, आणि चहा जरा निवला की हा पठ्ठ्या थेट कपाच्या काठावर! एक चोच चहा, मान वर, पुन्हा एक चोच. वरून बिस्किटाचा चुरा, चिवड्यातली शेव. व्हिडिओ होस्टेलच्या ग्रुपवर टाकला तर उत्तर आलं, "भाऊ, हा तर आपल्याच ब्रँचचा हाये."

एकदा आजी उठून आली. "काहून रे, पाखराले चहा पाजतं काय?"

"त्याले आवडते आजी," मी म्हटलं.

पेपरला चार दिवस होते. सकाळी मिठ्या पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसला. बुटाच्या खोक्यात घालून आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "खायला काय देता?" बहिणीने सगळं सांगितलं. "आणखी काही?" "नाही," ती म्हणाली. खोकं धरून मी मागे उभा होतो. बोललो नाही. संध्याकाळच्या आत मिठ्या गेला. नेमकं कशाने, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

होस्टेलवर परत आल्यावर मी वाचायला बसलो. एम-थ्रीसाठी कधी बसलो नव्हतो असा. चहा-कॉफीतलं कॅफिन आणि चॉकलेटमधलं थिओब्रोमिन पक्ष्याच्या हृदयाची गती बिघडवतं. मीठ जास्त झालं तर त्याचं मूत्रपिंड झेपवू शकत नाही. कांदा-लसूण वाईट, सफरचंदाच्या बिया वाईट, आणि हल्ली आपल्याकडेही दिसू लागलेला अ‍ॅव्होकॅडो तर जीवच घेतो. बुरशी लागलेले शेंगदाणे सर्वांत फसवे. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी मेले, ते बुरशीच्या शेंगदाणा पेंडीने. अफ्लाटॉक्सिन हे विष माणसाला कळलं ते त्यातूनच.

मग कॅल्क्युलेटर घेतला. बजरीगारचं वजन साधारण 35 ग्रॅम, माझं 60 किलो. म्हणजे मी त्याच्या सुमारे 1700 पट. त्याने एक मिली चहा प्यायला तर माझ्या हिशेबाने तो 1 लिटर 700 मिली होतो. 100 मिलीचा कप धरला तर 17 कप! एका बैठकीत! आणि मी त्याला 'अजून एक घोट' म्हणत होतो.

गंमत अशी की आजोबांच्या पोपटाने हिरवी मिरची खाल्ली की आम्हा पोरांना त्याची दया यायची. पण मिरचीतलं कॅप्सेसिन पक्ष्याला झोंबतच नाही. त्याच्या नसांमधला आग ओळखणारा भाग त्याला दादच देत नाही, हे 2002 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. उलट प्रेमाने दिलेली दूधपोळी त्याला बाधते, कारण दूध पचवायचं एन्झाइम पक्ष्याजवळ नसतं.

मेसच्या काकांकडेही एक जोडी आहे. उरलेली पोळी ते दुधात कुस्करून देत. मी हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "अरे बाप्पा! मंग द्याचं काय?" राळं, बाजरी, पालक, किसलेलं गाजर, बिया काढलेलं सफरचंद, आणि रोज ताजं पाणी, असं कागदावर लिहून दिलं. कागद त्यांनी खिशात ठेवला.

बहिणीला मात्र अजून सांगितलेलं नाही. ती म्हणते, थंडीने गेला. दरवर्षी या अंकाची एक प्रत अकोल्याला जाते आणि ती आधी माझंच पान उघडते. समोर बसून बोलायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं. छोटे, चहा मी पाजत होतो.