हसण्याची प्रमाणभाषा

करुण प्रसंगावर माणसांचे एकमत सहज होते. मरणासन्न आईच्या उशाशी बसलेला मुलगा पडद्यावर दिसला, की हुलसूरचा प्रेक्षक आणि पुण्याचा प्रेक्षक साधारण एकाच ठिकाणी डोळे टिपतो. विनोदाचे तसे होत नाही. ज्या वाक्यावर एक जण पोट धरून हसतो, त्याच वाक्यावर त्याच्या शेजारी बसलेला उठून आत निघून जातो. आणि हे दोघे पुष्कळदा एकाच घरातले असतात. त्याचे कारण आपण 'अभिरुची' या एका शब्दात सांगून मोकळे होतो. कोणाला सूक्ष्म विनोद आवडतो, कोणाला ढोबळ, असे म्हटले की वाद मिटला. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे उत्तर अपुरे वाटते. इथे विनोदावरून होणारे मतभेद पुष्कळदा अभिरुचीचे नसतात. बोलणारा कोण आणि ऐकणारा कुठे बसला आहे, यावर ते ठरतात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्या घरी असाच एक खटका उडाला. दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमात रखवालदाराचे पात्र होते आणि त्याच्या तोंडी मराठवाडी बोली घातलेली होती. कार्यक्रम कोणता, हे महत्त्वाचे नाही. असे रखवालदार सगळीकडेच भेटतात. त्याच्या बोलण्यात विनोद म्हणावा असे काही नव्हते. तो नुसता "काय करायलाव?" म्हणे आणि मागून हशा उसळे. निलंग्याला दिलेली माझी थोरली बहीण खळखळून हसत होती. पुण्याला शिकणारा पुतण्या मात्र तिला म्हणाला, "आत्या, काय हसायलीस? आपल्यालाच हसायलेत की ते." त्यावर ती म्हणाली, "आरं, आपल्यावानी बोलायलाय म्हणूनच हसायले मी."

दोघांचेही खरे होते. निलंग्यात सारे गाव असेच बोलते, तेव्हा पडद्यावर तेच बोलणे ऐकून तिला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. पुतण्याला तेच वाक्य वसतिगृहात रोज, त्याच्याच नकलेच्या रूपाने ऐकावे लागते. वाक्य एकच आणि घराणेही एकच. फरक फक्त एवढाच, की एकीने ते आपल्या माणसांत बसून ऐकले आणि दुसऱ्याने परक्यांच्या सभेत बसून.

इथे थोडे व्याकरणाकडे वळतो. 'करायलास' हे रूप अशुद्ध नाही. 'करायला लागलास' हा शब्दबंध झिजून तयार झालेले ते एक सुटसुटीत क्रियारूप आहे. 'करतोस' आणि 'करायलास' यांत आमच्याकडे अर्थाचा भेद आहे: पहिले सवयीचे, दुसरे या घटकेला चाललेले. प्रमाण मराठीला त्यासाठी 'करत आहेस' असे दोन शब्द खर्ची घालावे लागतात. म्हणजे ज्यावर हशा पिकवला जातो, ती उणीव नाही, उलट सोय आहे. पण हशा व्याकरण विचारून येत नाही.

बोलीवर हसण्याची ही रीत आजची नव्हे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो. हसवण्याचे काम ज्याच्याकडे, त्याच्याकडून प्रतिष्ठेची भाषा काढून घ्यायची, हा संकेत तेव्हाच रूढ होता. गंमत अशी, की मराठीची पूर्वज जी महाराष्ट्री, तिचा मान त्या काळी मोठा होता. दंडीने तिला प्राकृतांत श्रेष्ठ ठरवले, आणि नाटकातील गीते तिच्यात रचली जात. विदूषकाच्या वाट्याला दुसरी प्राकृत यायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा या महाराष्ट्रीचा अभिमानाने उल्लेख झाला. त्याच मराठीने आपल्या घरात मात्र विदूषकाची जागा आपल्या बोलींना देऊन ठेवली आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. त्या शब्दांचा शास्त्रार्थ वेगळा असला, तरी ते उसने घेऊन असे म्हणावेसे वाटते, की बहिणीचे हसू आत्मस्थ होते आणि पुतण्याच्या कानी पडला तो हशा परस्थ होता.

प्रसंगातून उपजणाऱ्या विनोदाला ही अडचण फारशी येत नाही. 'अशी ही बनवाबनवी' हा १९८८ चा चित्रपट घ्या. बिऱ्हाड मिळावे म्हणून पुरुषांनी लुगडी नेसून बायको बनायचे, ही त्याची युक्ती हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटातून आली. पुढे ती तेलुगूत आणि कन्नडमध्येही गेली. भाड्याच्या खोलीची विवंचना सर्व भाषांत सारखीच असते, म्हणून हा विनोद सीमा ओलांडताना कुठे अडला नाही. आमच्या भागात मराठी वाचता न येणारी माणसेही तो पाहून हसतात. त्याचे संवाद वसंत सबनीसांचे. 'विच्छा माझी पुरी करा' हे वगनाट्यही त्यांचेच. दादा कोंडके यांचे नाव ज्या लोकनाट्याने घरोघरी नेले, ते हेच. दादांच्या द्व्यर्थी विनोदाला नाके मुरडणारी आणि बनवाबनवीचे संवाद तोंडपाठ म्हणणारी मंडळी एकच असतात, आणि दोहोंमागची लेखणी एकच आहे हे त्यांच्या ध्यानीही नसते. दादांच्या विनोदात ग्राम्यपणा पुष्कळ होता, तो मी नाकारत नाही. तरीही त्या वादात 'अश्लील' या शब्दाने 'गावंढळ' या शब्दाचे काम बऱ्याचदा केले, असे माझे मत आहे.

आता सीमाभागाच्या वर्मी लागणारा विषय. पु. ल. देशपांडे यांनी काही काळ बेळगावात प्राध्यापकी केली आणि तिथल्या एका स्नेह्याचे चित्र 'गणगोत'मध्ये 'रावसाहेब' या नावाने रेखाटले. कानडी वळणाची मराठी, लिंगांची सरमिसळ, मोकळी शिवी आणि त्याखालचा अपार जिव्हाळा. या लेखावरून आमच्याकडे हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, सीमेवरच्या माणसाला मराठी साहित्यात इतके प्रेम दुसऱ्या कोणी दिले? दुसरा म्हणतो, तेव्हापासून आम्ही तोंड उघडले की लोक रावसाहेब शोधतात. मी पहिल्या तटाचा आहे. त्या लेखात लेखक रावसाहेबांपुढे लहान होऊन बसला आहे. त्या माणसाच्या दिलदारपणापुढे प्रमाण मराठीच फिकी पडते. पण नकलाकारांनी त्यातला जिव्हाळा सोडला आणि 'तो भाकरी', 'ती भात' एवढाच ऐवज उचलला, हे दुसऱ्या तटाचे गाऱ्हाणे मला मान्य आहे.

हा लिंगांचा घोळ होतो तरी कशाने? कन्नडमध्ये नामाचे लिंग अर्थावरून ठरते: पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी, बाकीच्या निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी. मराठीत भात पुल्लिंगी, भाकरी स्त्रीलिंगी आणि पिठले नपुंसकलिंगी का, याला ताटात कुठेच उत्तर सापडत नाही. ते पाठच करावे लागते. कन्नडभाषक चुकतो, तेव्हा तो आपल्या भाषेचा नियम अधिक तर्कशुद्धपणे पाळत असतो. हसायचेच झाले, तर खरे म्हणजे पिठल्यावर हसायला हवे.

आणि याहून जुना, याहून थोर विनोद तुकोबांचा आहे. कानडी बाईने मराठी नवरा केला, एकाचे बोलणे दुसऱ्याला कळेना, अशा संसाराचा दृष्टांत त्यांनी एका अभंगात दिला आहे. ती त्याला आपल्या भाषेत जवळ बोलावते आणि तो बिचारा पळ काढतो. तुकोबांना त्यातून मागायची होती सज्जनांची संगती. मात्र या अभंगावर हसायला किती भाषा याव्या लागतात, हे पाहण्यासारखे आहे. केवळ मराठी येणारा नवऱ्याच्या बाजूने हसतो. केवळ कन्नड येणाऱ्याला नवरा मूर्ख वाटतो. दोन्ही भाषा येणारा मात्र त्या दोघांच्या मधल्या जागेवर हसतो, आणि ती जागा म्हणजे आमचे गाव.

जेवण झाले का, हे कन्नडमध्ये 'ऊट आयता?' असे विचारतात. नव्याने सोयरीक जुळलेल्या घरी अलीकडचा पाहुणा गेला आणि विहीणबाईंनी आपुलकीने हे दोन शब्द विचारले, तर त्याच्या कानी काय पडते? 'ऊठ, आयत्या!' पाहुण्याचा हात घासासकट थांबतो. आमच्याकडे हे एकमेकांना सांगून दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी सारखीच हसतात. लातुरात सांगितले, तर आधी शब्दार्थ समजावून द्यावा लागतो, आणि समजावलेला विनोद शिळ्या भाकरीसारखा. पोट भरते, पण चव लागत नाही. दूरचित्रवाणीवरील विनोद या मधल्या जागेसाठी लिहिला जात नाही. मुंबईच्या वाहिनीचा प्रेक्षक एकभाषी धरलेला असतो, बंगळूरच्या वाहिनीचाही.

बंगळूरचे नाव निघाले म्हणून न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की आमच्या कन्नड शेजाऱ्याचे दुःखही आमच्यासारखेच आहे. कलबुर्गी-बीदरकडची कन्नड बोली तिकडच्या चित्रपटांत बहुधा हसवणाऱ्या दुय्यम पात्राच्या वाट्याला येते. गंगावती प्राणेश यांच्यासारख्या वक्त्याने उत्तर कर्नाटकाच्या त्याच बोलीत रंगमंचावरून तासन्‌तास लोकांना हसवले, तेव्हा त्या बोलीचा माणूस प्रथमच हसवणारा म्हणून उभा राहिला. दखनीचेही असेच आहे. 'गुमनाम' (१९६५) मध्ये मेहमूदच्या तोंडी हैदराबादी बोली आली आणि सारा देश हसला. त्या बोलीतला 'नक्को' हा आपला 'नको' आहे आणि 'ऐसाइच'मधला शेवटचा 'च' हाही मराठीचाच. हिंदी चित्रपटात गाजलेल्या त्या विनोदात मराठीचा वाटा होता, पण त्याचे श्रेय तिला कोणी दिले नाही.

हा सारा प्रपंच नुसत्या मानापमानासाठी मांडलेला नाही. बीडच्या मुलाची बोली पुण्यात हास्यास्पद ठरली, तर तो फार तर प्रमाण मराठी बोलू लागतो. हानी होते, पण मुलगा मराठीतच राहतो. हुलसूर, भालकी, औराद, आळंद इथल्या मुलाला मात्र दुसरे दार उघडे आहे. शाळेत, कचेरीत, एस.टी.च्या पाटीवर कन्नड आहेच. आपल्या मराठीला महाराष्ट्रातच हसतात, हे एकदा मनाने घेतले, की तो मराठी सुधारायला बसत नाही. ती घरापुरती ठेवतो, आणि त्याची मुले तीही ठेवत नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत निलंगा आणि भालकी एकाच बीदर जिल्ह्यात होते. त्या दिवशी निलंगा, उदगीर, अहमदपूर पलीकडे गेले आणि आम्ही अलीकडे राहिलो. बोली तीच राहिली. तिच्यावर हसले गेल्याची किंमत मात्र दोन्हीकडे सारखी उरली नाही. मराठी शाळेच्या घटत्या पटाची कारणे शोधताना सरकारी परिपत्रके आम्ही बारकाईने वाचतो. या हशाकडेही तितक्याच गांभीर्याने पाहायला हवे, असे मला वाटते.

म्हणून बोलीवर विनोद नकोच, असे म्हणणारा मी नाही. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्याने उभे केले, ते मराठवाडी बोलीतच. तिथे हशा अखंड आहे, तरी आमच्यापैकी कोणी कधी उठून गेला नाही. त्या प्रयोगात गावची बोली हीच जमीन आहे. विचित्र वाटते ते विमान, विचित्र वाटते ते लंडन. जग त्या बोलीच्या डोळ्यांनी पाहिले जाते. २००५ च्या 'काय द्याचं बोला' या चित्रपटात मकरंद अनासपुरे तीच तऱ्हा घेऊन वकील म्हणून न्यायालयात उभे राहिले. चित्रपटाच्या नावातच 'द्यायचं' ऐवजी 'द्याचं' छापले गेले आणि ते कोणी दुरुस्त केले नाही, याचा मला त्या चित्रपटाइतकाच आनंद झाला होता.

सीमेवरच्या दुभाषी मराठीला असा प्रयोग अजून लाभलेला नाही. त्याचा कच्चा माल मात्र घरोघरी पडून आहे: जावयांच्या फजितीच्या गोष्टी, आठवडी बाजारातली घासाघीस, दोन भाषांत घेतलेले उखाणे. ज्यांच्या घरी हे अजून सांगितले जाते, त्यांनी ते ऐकले त्याच शब्दांत उतरवून ठेवावे. कन्नड शब्द देवनागरीत जसा कानी पडतो तसाच राहू द्यावा, आणि 'करायलाव'चे 'करत आहे' कृपया करू नये.