बटणाचा दोष

आम्ही दोघांनीही आयुष्यभर शिकवले ते साहित्य. मोटारीच्या यंत्राशी आमचा संबंध किल्ली फिरवण्यापुरता. तरीही नागपूरहून बुलढाण्याला परतताना समृद्धी महामार्गावर क्रूझ कंट्रोलने असहकार पुकारला, तेव्हा निदान मात्र आम्ही तत्काळ करून टाकले. मुख्य बटण दाबले की समोर दिवा लागे. वेग कायम करण्याचे बटण दाबले की काहीच घडत नसे. म्हणजे बटण बिघडले! एका गॅरेजनेही फोनवर दुजोरा दिला : स्टिअरिंगवरील बटणांचा अख्खा संच बदलावा लागेल.

ही सोय शोधणारा अमेरिकन अभियंता राल्फ टीटर वयाच्या पाचव्या वर्षापासून अंध होता. बोलता बोलता गाडी चालवणाऱ्या आपल्या वकिलाचा सतत कमी-अधिक होणारा वेग त्याला असह्य होई. त्या त्राग्यातून ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९५० साली त्याला पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते यंत्र आले. आम्ही डोळस, आम्हांला दिसत होते फक्त बटण.

मेहकरला महामार्ग सोडून एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने बटणाला हातच लावला नाही. आधी हॉर्न वाजवायला सांगितला, वाजला. मग स्टिअरिंगवरूनच गाण्याचा आवाज कमी-जास्त करून पाहिला. स्टिअरिंगच्या मागे गुंडाळीसारखी वायर असते, चाक फिरले तरी जोडणी तुटू नये म्हणून. ती बहुधा शाबूत आहे, एवढे त्यावरून ठरले. मग तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

“सर, ब्रेक दाबा बरं.”

दाबला.

“लाइट तं लागूनच नाही राह्यला.”

बल्ब ठीक, फ्यूज ठीक. ब्रेकच्या पेडलपाशी एक लहानसा स्विच असतो. आमच्या गाडीत त्यातून दोन निरोप जातात : एक मागच्या दिव्यांना, दुसरा गाडीच्या संगणकाला. ब्रेक दाबताच क्रूझ कंट्रोल सुटले पाहिजे. म्हणून दोन निरोपांत मेळ नसेल, तर संगणक ते लागूच देत नाही. आमच्या स्विचचा दिव्यांकडचा काँटॅक्ट गेला होता. ज्याला आम्ही बिघाड म्हणत होतो, तो यंत्राने शहाणपणाने दिलेला नकार होता. अडलेल्या शब्दावर बोट ठेवून बसणाऱ्या विद्यार्थ्याला ‘आधी पूर्ण वाक्य वाच’ असे किती वेळा सुनावले असेल आम्ही!

पण खरी धास्ती निराळीच होती. नागपूरपासून आम्ही किती वेळा ब्रेक लावला, आणि मागून येणाऱ्या किती जणांना तो दिसलाच नाही? कारना ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेला हा रस्ता. याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या अपघाताचे कारण वेगळे होते. पण त्या क्षणी आठवला तोच.

मिस्त्रीने नवा स्विच बसवला. चिखलीपर्यंत आम्ही फारसे बोललो नाही. तिथे चहाला थांबल्यावर एकाने ब्रेक दाबून धरला आणि दुसरा मागे जाऊन पाहून आला.