‘घेणे’ आणि ‘टेक इन’

तालुक्याच्या गावी तीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांनी हौसेने केलेल्या कथानुवादात एक वाक्य होते : ‘बाईंनी त्या पोराला आसरा दिला.’ मुळात ‘शी टुक हिम इन’. हस्तलिखित वाचून एका जुन्या विद्यार्थिनीने भीतभीत विचारले, ‘सर, पण बाई त्याला फसवतेही आहे ना?’ ‘टेक इन’ म्हणजे घरात ठेवून घेणे, तसेच फसवणेही. कथेतला सारा उपरोध या संदिग्धतेवर उभा होता; आणि हीच कथा त्यांनी वर्षानुवर्षे वर्गात शिकवली होती.

दोष सर्वस्वी त्यांचा नव्हे. मराठी माध्यमातून आलेल्या त्यांच्या पिढीचे इंग्रजी ग्रंथांतून आलेले. तिला ‘टॉलरेट’ जवळचा, ‘पुट अप विथ’ परका. लॅटिन वळणाचे शब्द तिला आपल्या तत्सम शब्दांसारखे भारदस्त वाटत. परकीयांना ही क्रियापदे सर्वाधिक अडतात, हे डॉ. जॉन्सनने १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते.

वस्तुतः मराठी वाचकाला ही रचना इतकी अपरिचित वाटू नये. ‘ड्रिंक अप’मधल्या ‘अप’ला वर-खाली काही नाही, तिथे तो ‘पिऊन टाक’मधल्या ‘टाक’चे काम करतो. मात्र साम्य इथेच संपते. इंग्रजी अव्यय मुख्यतः क्रियेची दिशा वा पूर्तता सांगते. मराठीतले दुय्यम क्रियापद बोलणाऱ्याचा कलही उघड करते. ‘लग्न करून टाकले’, ‘करून घेतले’ आणि ‘करून बसला’ यांत लग्न एकच, पण तिसऱ्यात शेजाऱ्याचा सुस्कारा ऐकू येतो. ही छटा इंग्रजीत नेणाऱ्यालाही तेवढेच अडखळावे लागेल. (आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांनी संयुक्त क्रियापदांच्या याद्या पुष्कळ दिल्या, या सुस्काऱ्याकडे मात्र पुरेसे पाहिले नाही.)

प्राध्यापकांनी ‘आसरा दिला’ खोडले. ‘गोड बोलून ठेवून घेतले’ लिहिले, तेही खोडले. त्यात बाईचा कावा पहिल्याच पानावर फुटत होता. पुढे ‘घरात घेतले’ आले, त्याशेजारी पेन्सिलीने ‘घोळात घेतले’. क्रियापद एकच, आणि तरी दोन्ही अर्थ एका वाक्यात मावेनात. हस्तलिखितात ते दोन्ही पर्याय अजून तसेच आहेत.