म्हैसूरच्या मुक्कामात एक चाक

बंगळूरहून म्हैसूर आता दीड-दोन तासांवर आलंय. ११८ किलोमीटरचा नवा महामार्ग मार्च २०२३मध्ये सुरू झाला आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर ठेंगण्या, देखण्या स्पोर्ट्स कार दिसू लागल्या. आमच्यासोबतही एक होती. बंगळूरला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने जुनी, दोन सीटांची जर्मन गाडी घेतली आहे. पुण्याहून गेलेले आम्ही मोठ्या गाडीत, आणि आळीपाळीने एकेक जण त्याच्या शेजारी. जमिनीवर बैठक मारल्यासारखं वाटतं!

वाटेत श्रीरंगपट्टणजवळ 'पयण' हे जुन्या गाड्यांचं संग्रहालय पाहिलं. धर्मस्थळच्या वीरेंद्र हेग्गडे यांचा हा संग्रह. कन्नडमध्ये पयण म्हणजे प्रवास, आपल्या 'प्रयाणा'चा सख्खा भाऊ. मुलं रंग बघत होती, भाचा मात्र चाकांपाशी रेंगाळत होता. जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारना पाच बोल्टऐवजी मधोमध एकच पाकळ्यांचा नट असायचा, हे त्याने सांगितलं. पाकळीवर मऊ धातूचा हातोडा मारून तो सोडवायचा. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटे, म्हणून नटावर सोडवायच्या दिशेचा बाण कोरलेला असे. आजही काही शर्यतीच्या जातीच्या गाड्यांना मधला एकच नट असतो, पण तो पाचशे-सहाशे न्यूटन-मीटर जोराने आवळतात. आपल्या छोट्या गाड्यांच्या बोल्टना शंभरच्या आसपास पुरतो. असा नट रस्त्याकडेला सोडवायचा विचारसुद्धा करू नये.

दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या चढायच्या, मोठा नंदी बघायचा, असं ठरलं होतं. सकाळी खाली येतो तर भाच्याच्या गाडीचं मागचं चाक बसलेलं. स्टेपनी नाही. अशा बऱ्याच गाड्यांत जागाच नसते.

"चाकच तर काढायचंय, आण आमचा जॅक," हे म्हणाले. आणला, पण तो गाडीखाली शिरेना. साध्या ट्रॉली जॅकलाही पाच-सहा इंच जागा लागते, इथे गाडीचं पोटच चार-पाच इंचांवर. शेजारच्या दुकानातला पोरगा बॉटल जॅक घेऊन आला आणि कडेच्या प्लॅस्टिकखाली लावू लागला, तेव्हा भाच्याने त्याचा हात धरला. पूर्वी एका गॅरेजमध्ये गाडी भलत्याच ठिकाणी उचलली होती. कडेचा पत्रा आत गेला, दुरुस्तीला महिन्याचा पगार. तेव्हापासून त्याच्या डिकीत कपड्यांपेक्षा अवजारं जास्त.

आधी त्याने पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले. मागचं चाक उचललं की हँडब्रेकवर भिस्त ठेवता येत नाही. मग गाडी जमिनीवर असतानाच बोल्ट थोडे सैल केले. उचलल्यावर जोर लावला तर गाडी हलते. नंतर तीन इंचांत मावणारा बुटका जॅक, आणि त्याच्या टाळूवर रबराचा जाड ठोकळा. पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेत तो नेमका बसला.

गाडी वर गेली. तेवढ्यात एक बोल्ट घरंगळत खाली गेला आणि हे तो काढायला वाकले.

"काका, हात बाहेर!"

इतक्या जोरात तो कधी ओरडला नव्हता. यांना राग आला, दिसतच होतं. भाच्याने न बोलता पोलादी स्टँड सरकवला, गाडी त्यावर टेकवली, हलवून पाहिली आणि मग छत्रीच्या दांडीने बोल्ट ओढला. जॅक फक्त उचलण्यापुरता, वजन स्टँडवर. ते हायड्रॉलिक तेल आणि एक रबरी सील यांच्या भरवशावर आपला हात का ठेवायचा?

थोड्या वेळाने हे म्हणाले, "आमच्या बाबांची फियाट अशीच जॅकवरून घसरली होती, खंबाटकीत. हात काढला आणि गाडी बसली." ही गोष्ट आमच्याकडे चाळीस वर्षं विनोद म्हणून सांगितली जाते. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

चाक आमच्या गाडीतून टायरवाल्याकडे नेलं. म्हैसूरला टायरचं वावडं नाही. इथल्या विक्रांत टायर्सचा कारखाना पुढे जेके टायरकडे गेला. खिळा निघाला, आतून पॅच बसला. परत लावताना भाच्याने वरच्या भोकात एक लांब पिन फिरवली. बहुतेक जर्मन गाड्यांना नट नसतात, बोल्ट असतात, त्यामुळे जड चाक एका हाताने तोलत भोकं जुळवणं नकोसं होतं. पिनेवर चाक अलगद सरकलं. बोल्ट समोरासमोरचे आवळले, गाडी खाली घेतली आणि शेवटचा जोर टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत.

पायऱ्या राहिल्या. नंदीला गाडीनेच गेलो आणि संध्याकाळी राजवाड्याचे दिवे पाहिले.

परतताना मद्दूरला महामार्ग सोडून वडे खाल्ले. साठेक किलोमीटर झाले होते, म्हणून भाच्याने रेंच काढला. चाक काढल्यावर थोडं चालवून बोल्ट पुन्हा तपासायचे असतात. यांनी तो त्याच्या हातातून घेतला, गुडघे टेकून पाचही बोल्टांवर 'टक्' ऐकलं आणि मगच दुसरा चहा मागवला.